अणू की ऊन: सभेत हात वर करण्याआधी वहीत काय मांडायचं

एक शंभर पानी वही घ्या. सोबत साधा कॅल्क्युलेटर आणि घरातली दोन लाइट बिलं, एक मे महिन्याचं नि एक जुलैचं. एवढ्या सामानात काम भागतं. मोबाइलवर आलेले व्हिडिओ तेवढे बाजूला ठेवा, प्रकल्पवाल्यांचेही आणि विरोधवाल्यांचेही.

मी राजापूर तालुक्यात ३३ केव्हीच्या उपकेंद्रावर ऑपरेटर होतो. दर तासाला प्रत्येक फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या लाइनचे, अँपिअर लॉगशीटवर चढवायचे, फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की वेळ टाकायची, लाइनमन खांबावर चढण्याआधी त्याला लाइन बंद असल्याचं परमिट द्यायचं, हे माझं काम. आता निवृत्त आहे. गाव जैतापूरच्या खाडीकाठचं, त्यामुळे माडबनला व्हायच्या अणुप्रकल्पाचा (कागदोपत्री नाव जैतापूर प्रकल्प) वाद आमच्याकडे गणपतीच्या आरतीनंतर होतो, लग्नाच्या मांडवात होतो, ग्रामसभेत तर होतोच. अलीकडे त्यात सोलरची भर पडलीय. एकजण म्हणतो, अणूशिवाय देश पुढे जाणार नाही. दुसरा म्हणतो, ऊन फुकट आहे, मग अणू हवाच कशाला? आणि मागच्या बाकावरचा एखादा म्हातारा मला हळूच विचारतो, "आबानू, त्या सोलरवर रातचो पंखो चालतलो काय?" तिघांत कामाचा प्रश्न म्हाताऱ्याचाच असतो.

सभेआधी गावातली पोरं माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना भाषण लिहून देत नाही. वही लिहायला बसवतो. ती अशी.

मेगावॅटपुढे युनिट लिहा

प्रकल्प कुठलाही असो, त्याच्या नावाला मेगावॅट चिकटलेले असतात. मेगावॅट म्हणजे नळाची तोटी केवढी; हंडा किती भरला ते युनिट सांगतं, आणि बिल आपण युनिटचंच भरतो. म्हणून वहीत मेगावॅटच्या शेजारी दुसरा रकाना आखा: वर्षाला युनिट किती?

अणुभट्टी दिवसरात्र चालते. इंधन बदलायला, देखभालीला बंद ठेवावी लागते, तरी वर्षाचा हिशेब केला तर क्षमतेच्या ८० टक्के वीज धरायला हरकत नाही, नीट चालवली तर ९० टक्केही मिळते. आपल्या शेजारच्या कारवारकडच्या कैगा केंद्रातला पहिला संच २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालला होता. सोलरला रात्र आहे, ढग आहेत, धूळ आहे. ते आपल्याकडे क्षमतेच्या १८ ते २० टक्क्यांवर येतं, राजस्थानात थोडं वर जातं.

आता गुणाकार. माडबनचा मूळ बेत १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॅट. त्यातली एकच धरा. वर्षाचे तास ८,७६०. गुणा आणि त्याचे ८० टक्के काढा: सुमारे १,१५६ कोटी युनिट. एक मेगावॅट सोलर १९ टक्क्यांनी वर्षाला साधारण १६ लाख ६० हजार युनिट देतं. भागाकार केला की उत्तर येतं जवळपास ७,००० मेगावॅट. म्हणजे एका भट्टीची बरोबरी करायला चौपटीहून जास्त मेगावॅटचं सोलर लागतं. "तेवढ्याच मेगावॅटचं सोलर लावा ना" म्हणणाऱ्याला हे पान दाखवा.

मग पान उलटा आणि दुसऱ्या बाजूचा हिशेब करा. जैतापूरचा करार डिसेंबर २०१० मधला, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात आले होते तेव्हाचा. त्या वेळी देशात सोलर नावापुरतं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते १ लाख मेगावॅटच्या पुढे गेलं. त्याचे १९ टक्के घेतले तर १९,००० मेगावॅटचं यंत्र अखंड चालल्यासारखं झालं. माडबनच्या सहाही भट्ट्या उभ्या असत्या तर ८० टक्क्यांनी ७,९२० झाले असते. तिथे २०२५ सरेपर्यंत एकाही भट्टीचं काँक्रीट पडलेलं नव्हतं. हे पान अणुवाल्यांना दाखवायचं.

मग तास लिहा

हे पान मला सगळ्यात आवडतं, कारण मी आयुष्यभर हेच लिहिलं. चोवीस रकाने आखा आणि आपल्या गावाचा एक दिवस त्यात भरा.

पहाटे पाचला पाण्याचे पंप आणि गिझर. नऊनंतर लोड, म्हणजे विजेची ओढ, उतरतो. दुपारी गाव जेवून आडवं होतं, अँमीटरचा काटाही आडवा. सहाला दिवाबत्ती झाली की चढायला लागतो आणि सात ते दहा सगळ्यात वर. अकरानंतर उरतात पंखे नि फ्रीज. नाटे बंदराकडच्या बर्फाच्या फॅक्टऱ्या रात्रंदिवस ओढतात, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तो लोड गळून पडतो. मे महिन्यात आंब्याचं कॅनिंग, कोल्ड स्टोरेज आणि चाकरमान्यांचे एसी एकदम येतात. गणपतीत तर वर्षभर कुलूप असलेली घरं एका संध्याकाळी उघडतात. त्या दिवसांत उपकेंद्रात बसलेला माणूस आरती कानाने ऐकतो, डोळे अँमीटरवर.

आता याच रकान्यांत दुसऱ्या रंगाने सोलर भरा. सकाळी सातपासून चढतं, बारा-एकला शिखरावर, साडेपाचला संपत आलेलं. गावाला सगळ्यात जास्त हवी तेव्हा, सात ते दहा, शून्य. तिसऱ्या रंगाने अणुवीज: एक सरळ आडवी रेघ. अणुवाले इथे खूश होतात. पण नीट बघा, रेघ पहाटे तीनलाही तेवढीच आहे, जेव्हा गाव घोरतंय. भट्टीची वीज कमी-जास्त करता येते, फ्रान्समध्ये करतातही. पण भट्टीचा बहुतेक सगळा खर्च ती बांधण्यातच झालेला असतो. कमी चालवली म्हणून कर्जाचा हप्ता कमी होत नाही. तेव्हा गावाच्या चढउताराशी दोघंही जुळत नाहीत. सोलरची दुपार संध्याकाळवर न्यावी लागते, अणूची पहाट संध्याकाळवर न्यावी लागते. साठवण दोघांनाही लागते, सोलरला जास्त.

ही साठवण करायची जागा आपल्या पाठीशीच उभी आहे. सह्याद्रीचा कडा. रायगडात भिऱ्याला १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे: वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, महाग असेल तेव्हा तेच खाली सोडून वीज करायची. घाटघरला असाच २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, वरचं धरण प्रवरेवर, खालचं शहापूरच्या बाजूला. शंभर युनिट खर्चून पाणी चढवलं की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. घट आहे, पण पाणी तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं. कोयनेची १,९६० मेगावॅटही संध्याकाळच्या चढाला कामाला येते. मात्र ते पाणी वाशिष्ठीत उतरलं की परत वर जात नाही, आणि पश्चिमेकडे किती वळवायचं याला कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. म्हणून "कोयना आहे की" एवढं म्हणून सुटका नाही.

बॅटऱ्या आता स्वस्त झाल्यात. २०२४ च्या शेवटी सोलर आणि बॅटरी मिळून निघालेल्या लिलावांत दर युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास आले. या बॅटऱ्या दोन-चार तासांच्या, म्हणजे बरोबर आमच्या सात ते दहाच्या मापाच्या. तेव्हा म्हाताऱ्याला उत्तर द्यायचं: "चालतलो. दुपारची वीज कोणीतरी साठवली असेल तर." आणि सभेत प्रश्न विचारायचा तो हा: साठवणार कोण, कुठे, किती तास?

झडीचं पान

जुलैचं बिल आता काढा. छतावर सोलर असेल तर ॲपमध्ये जुलैचं उत्पादन बघा. वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅटला दिवसाचे चार युनिट मिळतात. झडीच्या दिवसांत त्याच्या निम्म्यावर येतं, काळोख करून आला की त्याहूनही खाली. चार तासांची बॅटरी आठ दिवसांच्या झडीला काय करणार?

अणूच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा हाच आहे, आणि नवल म्हणजे त्याचे समर्थक तो क्वचित मांडतात. ते थेट महासत्तेवर जातात. भट्टीला झड कळत नाही. जुलैत जेवढी, जानेवारीत तेवढीच.

याला दुसऱ्या बाजूकडून उत्तर आहे, पण ते एकट्या सोलरचं नाही. आपल्याकडे ऊन लपतं त्याच चार महिन्यांत वारा सुटतो. देवगडच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जुन्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. मोठं काम वर साताऱ्याच्या पठारांवर आहे, वनकुसवडे, चाळकेवाडी. जूनमध्ये तिथे माणूस उभा राहत नाही. देशातल्या पवनविजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्येच येतो. ऑगस्टपर्यंत धरणं भरतात. आणि आपल्या अंगणात चिखल असतो तेव्हा जैसलमेरला ऊन असतं. म्हणून हा हिशेब एका तालुक्याचा करू नका. कोकणाचं ऊन कोकणाच्या पावसाशी भांडून हरणारच. राजस्थानचं ऊन, साताऱ्याचा वारा आणि सह्याद्रीचं पाणी एका तारेवर आणलं तर गोष्ट वेगळी होते. त्यासाठी तार लागते. पारेषण वाहिन्यांचा खर्च प्रकल्पाच्या जाहिरातीत नसतो, तो वहीत वेगळा मागा.

आणि एवढं सगळं जुळवूनही अजून देशाची सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे, हेही त्याच पानावर लिहा. अणू नि ऊन यांची मारामारी चालू असताना जयगडला कोळसा जळतोच आहे.

कातळाचं पान

इथे अणू सरळ जिंकतो, आणि ते कबूल करायला मला काही वाटत नाही. एका मेगावॅट सोलरला चार-पाच एकर जमीन लागते. आपले ७,००० मेगावॅट म्हणजे २८ ते ३५ हजार एकर, तेही एका भट्टीच्या बदल्यात. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे मिळून सहा भट्ट्यांसाठी घेतलेली जमीन ९३८ हेक्टर, म्हणजे २,३०० एकरांच्या आसपास. राजस्थानात भडला इथे २,२४५ मेगावॅटचं सोलर पार्क १४ हजार एकरांवर पसरलंय. वाळवंट आहे म्हणून पसरलं. इथे एका सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतात, त्यातली अर्धी मुंबईत नि दोन वारलेली.

मग कंपन्यांचा डोळा जातो सड्यावर. कागदावर पडीक, पोटखराब. ज्याने लिहिलं तो उन्हाळ्यात आला असणार. पावसात याच कातळावर गवत होतं, फुलं येतात, गुरं चरतात, नंतर ते गवत कापून विकलं जातं, आणि तिथे मुरलेलं पाणी खाली वाडीच्या विहिरीला येतं. शिवाय कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सडा जेसीबीने सपाट केला की पॅनेल बसतील, पण पॅनेल पंचवीस वर्षांनी निघतील आणि कातळशिल्प परत येणार नाही. अणुप्रकल्पाला निदान पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. सोलर पार्कला ती सक्ती नाही. त्यामुळे "सोलर म्हणजे स्वच्छ" म्हणून डोळे मिटून सही करू नका. सड्याचा नकाशा काढा, कातळशिल्पं, पाणवठे नि गुरांच्या वाटा त्यावर खुणा करा, आणि मगच उरलेल्यावर बोला.

आधी छपरं मोजा. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा लागते. शाळा, ग्रामपंचायत, मासळी बाजाराची शेड, काजूचे कारखाने, बर्फाच्या फॅक्टऱ्या. आंबा कॅनिंगवाल्याचं तर ऊन आणि लोड एकाच महिन्यात, एकाच वेळी शिखरावर असतं. त्याने सोलर लावलं नाही तर कोणी लावायचं? घरासाठी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे.

लावताना आपल्या हवेचं भान ठेवा. देशावरचा, म्हणजे घाटावरचा, ठेकेदार तिकडचाच सांगाडा आणतो. समुद्राजवळ खारं वारं असतं: सांगाडा गरम जस्तात बुडवलेला हवा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. नुसता रंग दिलेला अँगल दोन पावसाळ्यांत सोलून निघतो. कौलारू छपरावर थेट बसवू देऊ नका. स्लॅब नसेल तर अंगणात वेगळा मांडव करा. वादळाचं वारं पॅनेल खालून उचलतं, म्हणून पाया किती किलोचा ते विचारा. आणि आंब्याची सावली: एका फांदीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या रांगेतल्या बाकीच्यांचं उत्पादन पडू शकतं. कलम तोडू नका, जागा बदला.

जमिनीच्या पानाच्या मागे समुद्र लिहा, कारण अणुप्रकल्प जागा कमी घेतो पण पाणी घेतो. भट्टीत जेवढी उष्णता होते तिच्या साधारण एक तृतीयांशाची वीज होते, बाकी दोन तृतीयांश समुद्रात जाते. १,६५० मेगावॅटच्या भट्टीमागे ३,००० मेगावॅटच्या आसपास उष्णता. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न हाच होता आणि तो अडाणीपणाचा नव्हता. विचारायचं ते असं: गरम पाणी किनाऱ्यापासून किती मीटरवर सोडणार, ते समुद्राच्या पाण्यापेक्षा किती अंश जास्त असेल, मोजणार कोण, आणि रोजचा आकडा बंदरावर फळ्यावर लिहिणार का?

पैसा आणि वर्षं

इथे अणू हरतो, निदान माडबनला आणायच्या जातीचा. दोन रकाने करा: काम सुरू, वीज सुरू. याच प्रकारची फ्रेंच भट्टी फिनलंडमध्ये ओल्किलुओतोला २००५ साली बांधायला घेतली, ती नियमित वीज देऊ लागली एप्रिल २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हीलची २००७ ते डिसेंबर २०२४. खर्च ३.३ अब्ज युरोचा धरला होता, कंपनीच्याच हिशेबाने तो १३.२ अब्जांवर गेला. चीनने ताइशानला २००९ मध्ये सुरू करून २०१८ आणि २०१९ मध्ये दोन पूर्ण केल्या. अमिरातीने बराका इथे कोरियन भट्ट्या घेतल्या, २०१२ ला सुरुवात, पहिली २०२० ला, चौथी २०२४ ला. आपली कुडनकुळमची पहिली २००२ ते २०१३. आपल्याच बनावटीचा काक्रापारचा ७०० मेगावॅटचा संच २०१० ते जानेवारी २०२१. म्हणजे शिस्तीत केलं तर आठ-दहा वर्षं, बिघडलं तर सतरा-अठरा.

या वर्षांत व्याज चालू असतं. दहा टक्क्यांनी कर्ज सुमारे सात वर्षांत दुप्पट होतं, हे कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघाच. सोलरचा प्रकल्प वर्ष-दोन वर्षांत वीज विकायला लागतो.

दराचा आकडा कोणी फेकला तर विचारा: कुठल्या तासाचा? सोलर अडीच रुपये म्हणतात तो दुपारचा. अणू चार रुपये म्हणतात तो जुन्या, कधीच्या बांधून झालेल्या केंद्राचा. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ चे. त्यांच्या दरावरून उद्याच्या भट्टीचा दर काढणं म्हणजे आजोबांच्या पगारात नातवाचं लग्न.

आणि करार वाचा. हे आम्हा रत्नागिरीकरांना कोणी शिकवायला नको. गुहागरच्या अंजनवेलला दाभोळची कंपनी आली होती, ना अणू ना ऊन, नाफ्था नि गॅस. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचा, तोही डॉलरशी बांधलेला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. तेव्हा कुठलाही वीज खरेदी करार असो, तीन ओळी शोधा: वीज न घेता काय भरायचं, उशीर झाला तर कोण भरणार, आणि दर कुठल्या चलनाशी बांधलाय.

देश केवढा, तारेचं जाळं केवढं

आमच्या पोरांपैकी एक मुंबईच्या कॉलेजात आहे. त्याचा विषय होता "विकसनशील देशांना अणू की अपारंपरिक". मी म्हटलं, विकसनशील हा काही एक देश नाही. आधी प्रत्येकाचं जाळं मोज.

उपकेंद्रातला माणूस हे चटकन सांगेल. एक फीडर ट्रिप झाला तर बाकीचे तरतात. सगळा लोड एकाच फीडरवर असेल तर सगळंच जातं. देशाचंही तेच. जाळ्यातला सगळ्यात मोठा एक संच जाळ्याच्या दहा टक्क्यांहून मोठा नसावा, असा जुना दंडक आहे. भारताची मागणी ३० मे २०२४ ला २ लाख ५० हजार मेगावॅटवर गेली होती. इथे १,६५० चा संच अचानक थांबला तरी सावरता येतं. केनियाचं सगळं जाळं काही हजार मेगावॅटचं. तिथे हजाराची एक भट्टी म्हणजे घरात हत्ती. ते जमिनीखालच्या वाफेवर, पाण्यावर, वाऱ्यावर बहुतेक वीज करतात आणि त्यांना ते शोभतं. बांगलादेशाकडे जमीनच नाही, त्यामुळे रूपपूरला १,२०० मेगावॅटच्या दोन रशियन भट्ट्या घेण्यामागे तर्क आहे, पण १२.६५ अब्ज डॉलरपैकी ९० टक्के रशियाचं कर्ज आहे, तेही त्याच ओळीत लिहा. पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात १७,००० मेगावॅटच्या आसपास पॅनेल आयात झाली. लोकांनी बिलाला कंटाळून आपापल्या छपरावर चढवली. ज्यांना परवडलं ते सुटले, आणि तारांचा खर्च उरलेल्या गरिबांच्या बिलावर येऊ लागला. सोलरचं हे दुखणं उद्या आपल्याकडेही येईल, म्हणून आताच बोला.

माझं मत विचाराल तर: आहेत त्या भट्ट्या चालू ठेवा. तारापूर, कैगा अशा जुन्या जागी आपले ७०० मेगावॅटचे संच वाढवायचे तर वाढवा, झडीच्या दिवसांत ते उपयोगी पडतील. जगातल्या सगळ्यात मोठ्या आयात भट्ट्या एका सड्यावर सहा मांडणं मला पटत नाही. तो पैसा तारांत, उदंचनात आणि छपरांवर आधी जावा. तुमच्या वहीत वेगळं उत्तर आलं तर घेऊन या, बसून बोलू.

बिघाडाचं पान

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्या दिवसांत देशात वीज कमी नव्हती. आमच्यापर्यंत यायला तार नव्हती. कोकणातला अंधार बहुतेक वेळा विजेच्या तुटवड्याचा नसतो, पडलेल्या फांदीचा नि खाऱ्या इन्सुलेटरचा असतो. माडबनला दहा हजार मेगावॅट झाले तरी ती वीज ४०० केव्हीवरून आमच्या डोक्यावरून जाईल.

छतावर सोलर असलेलेही निसर्ग वादळात अंधारात बसले. साधं नेट मीटरचं सोलर लाइन गेली की स्वतःहून बंद होतं. लोक याला फसवणूक म्हणतात. तसं नाही. तुमच्या छतावरची वीज बंद लाइनमध्ये शिरली तर खांबावरचा माणूस मरतो. मी परमिटं दिलेली आहेत, मला त्या यंत्राचा राग येत नाही. वादळात दिवा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन गेली तरी घरापुरता चालणारा) आणि बॅटरी लागते. प्रत्येक घराला परवडणार नाही. आरोग्य केंद्र, नळपाणी योजनेचा पंप आणि एक शाळा, एवढ्यांना तरी करा.

अणूचा बिघाड वेगळ्या जातीचा. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या व्यवस्थित थांबल्या होत्या. पण थांबवल्या क्षणीही भट्टी सहा-सात टक्के उष्णता देत राहते. ती काढायला पंप, पंपाला वीज. बाहेरची लाइन भूकंपाने गेली, डिझेल जनरेटर लाटेने बुडाले. माडबनचा सडा उंच आहे, तेव्हा लाटेवर सगळा वेळ घालवू नका. वादळाचं विचारा: बाहेरच्या लाइनी पंधरा दिवस पडल्या तर डिझेल किती दिवसांचं असेल, आणि रस्त्यावर झाडं पडली असताना टँकर कुठून येणार? नुकसानभरपाईचंही विचारा. २०१० च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटींपर्यंत ठरवली होती. सभेच्या दिवशी लागू असलेल्या कायद्याचा मजकूर हातात घेऊनच बसा.

कचऱ्याचं दोघांनाही विचारा. वापरलेलं अणुइंधन किती वर्षं जागेवर राहणार आणि पुढे कुठे जाणार. आणि पंचवीस वर्षांनी उतरवलेली पॅनेल कोण उचलणार. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल धरलेली आहेत, तेव्हा "आमच्याकडे तशी सोय नाही" हे उत्तर चालत नाही.

सभेला जाताना

जनसुनावणी असेल तर निदान तीस दिवस आधी नोटीस आणि अहवालाचा मराठी सारांश मिळालाच पाहिजे. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत तसं आहे. सारांश मिळाला की त्यातल्या आकड्यांपुढे आपल्या वहीतले आकडे लिहा. पुनर्वसनाचं पान कोरं ठेवा आणि ते भरायला तारापूरला जा. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं तिसऱ्या-चौथ्या संचासाठी उठली, पुनर्वसनाचा वाद न्यायालयात गेला. तिथली माणसं जे सांगतील ते कुठल्याच पुस्तिकेत नाही.

प्रश्न तोंडी विचारू नका, तोंडी प्रश्नाला भाषण मिळतं. एका कागदावर एकच प्रश्न, त्यात आकडा मागितलेला, आकड्याचं एकक लिहिलेलं: किती युनिट, किती अंश, किती दिवस, कुठल्या साली. खाली उत्तर देणाऱ्याच्या सही-हुद्द्याला जागा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. उत्तर "मोठ्या प्रमाणावर" किंवा "लवकरच" असं आलं तर इतिवृत्तात शब्दशः तसंच लिहून घ्या, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तोच प्रश्न पुन्हा पहिला टाका.